पोटातली वाटणी

भागूबाईनं सांगितलं ते असं.

"वार एकच, लेकरं दोन. उजवं खातंय, डावं उपाशी ऱ्हातंय. उजवं गुबगुबीत झालं, डावं वाळून चाललं. डॉक्टरीण म्हनली, डाव्याची नाळ बंद केली का उजवं सुखरूप. झालं."

बन्सीनं सांगितलं ते असं.

"पोटात बारीक नळी घालायची, तिच्यातून दुर्बीण. वारेवर दोघांच्या नसा एकमेकीत घुसल्यात, त्या लेझरनं जाळायच्या. म्हंजे ज्याचं रगत त्याला. मॅडम सोता करनार, मशीन पुण्याहून येनार. पन ग्यारंटी मागू नका म्हनल्या."

सांडूनं सांगितलं ते असं.

"कायच केलं नाय तर दोन्ही जातील. इथवर ऐकलं. त्याच्याफुडं मॅडमचं तोंड हालत व्हतं, मला आवाजच येत नव्हता."

गोदाची आई चतुराबाई दवाखान्यात गेलीच नव्हती. ती दुपारी सिल्लोडहून एसटीनं आली. तरी तिनंही सांगितलं. "माझ्या लेकीच्या जिवाला धोका हाय म्हनं."

असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

डॉक्टर कालिंदी काय म्हणाल्या ते गोदाच्या थोरल्या जावेनं, सारजानं ऐकलं होतं. ती तपासणीच्या टेबलाच्या पायथ्याशी, गोदाच्या चपला हातात धरून उभी होती. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: हे लहान, याच्याभोवती पाणीच उरलेलं नाही, पिशवी अंगाला चिकटलीय, याचं मूत्राशय दिसत नाही, म्हणजे लघवी तयार होत नाही. हे मोठं, याच्याभोवती पाणीच पाणी. लहानाचं रक्त जोडलेल्या नसांतून मोठ्याकडे चाललंय. लेझर हा खरा उपाय. नाळ बंद करायचा प्रश्न भागूबाईनं काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की तसंही करता येतं, पण लहानाचं हृदय बंद पडायलाच आलं तर. आज तसं नाही. आणि मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या. तिघांपैकी एकानंही ते घरी आणलं नाही.

"मोठं आहे म्हणजे मजबूत आहे असं समजू नका. दोघांचं रक्त एकटं ढकलून त्याचं हृदय थकलंय. मला भीती त्याचीही आहे."

सारजानंही ते वाक्य घरी आणलं नाही. म्हणजे आणलं, पण काढलं नाही. का, ते सांगायचं तर आधी वाटणी सांगावी लागेल.

*

या घरात वाटणीची रीत अशी की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि उचलायचा धाकट्यानं. पाडणाराला मागून मिळणार, म्हणून तो कमीजास्त करत नाही. भागूबाईचे मालक काकासाहेब, त्यांच्या बापानं रान असंच वाटलं, काकासाहेबांच्या चुलत्यानं बैल असेच वाटले, आणि तंटा म्हणून कधी झाला नाही. रानाला आणि बैलांना ही रीत चांगलीच आहे.

पहिल्या सोनोग्राफीत गोदाला जुळं दिसलं त्या दिवशी भागूबाई म्हणाली, "दोन दिलेत तर एक सारजाच्या ओटीत घालू." भागूबाईच्या या थोरल्या सुनेच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि दवाखाने, देव, देवर्षी सगळं करून झालं होतं. गोदा तेव्हा मीठ लावून कैरी खात होती. खाता खाता ती हसून म्हणाली, "दोन दोन कोन सांभाळतंय, बाई? घ्या की एक."

कोणतं? मुलगा की मुलगी ते विचारायची सोय नव्हती. भागूबाईनं एकदा आडून विचारून पाहिलं, तर मॅडमनी न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. मग उरलं काय? एक डावीकडं होतं, एक उजवीकडं. सारजाचा नवरा बन्सी गमतीनं म्हणाला, "हे पाडले वाटे. एक डावं, एक उजवं. उचल, गोदे." गोदानं उजवं उचललं. बन्सी हसला, गोदाचा नवरा सांडू हसला, काकासाहेब उठून बाहेर गेले.

भागूबाई मात्र हसली नाही. तिनं चांगला वार बघून पुंडलिकनगरच्या सांडूच्या दोन खोल्यांत, दार लावून, घरातल्या घरात चोरओटी भरली. एक नाही, दोन. गोदाच्या पदरात गहू, नारळ, खण. मग सारजाच्या पदरात गहू, नारळ, खण. सारजाच्या पदराला सोळा वर्षांत कुणी नारळ लावला नव्हता. त्या दिवसापासून ती गावाकडं परत गेलीच नाही. बन्सी मका सोंगत होता, तो हातानं भाकरी थापून खात होता. ती इथं गोदाचं जेवण, औषध, आंघोळीचं पाणी बघत होती. दुपारी गोदा उजव्या कुशीवर झोपायची आणि म्हणायची, "ठिवा हात." सारजा पोटाच्या डाव्या अंगाला हात ठेवून बसायची. काही हलायचं नाही. तिला चालायचं.

आता ते डावं वाळत चाललं होतं, आणि उजव्याचंही काही खरं नाही हे वाक्य सारजाच्या तोंडात होतं. ते बाहेर काढलं तर घर काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. म्हणेल, स्वतःचं जातंय म्हणून दुसऱ्याच्यावर टपली.

*

कोण कुठं बसलं होतं:

दिवाणावर काकासाहेब, एक पाय वर घेऊन. शेजारी बन्सी, अर्धाच टेकलेला. खुर्चीवर सांडू, वाळूजच्या कंपनीचा निळा शर्ट तसाच अंगात. बसमधून उतरला तो थेट दवाखान्यात गेला होता. खाली सतरंजीवर भागूबाई आणि चतुराबाई, दोघी विहिणी, गुडघ्याला गुडघा लावून. बरेच दिवस त्या अशा बसल्या नव्हत्या. सारजा स्वयंपाकघराच्या दारात. गोदा आतल्या खोलीत आडवी, दार उघडं. म्हणजे ती बैठकीत नव्हती, आणि होती.

"सकाळपतोर सांगायचं हाय," सांडू म्हणाला. "मॅडम थांबनार नायत. लेकरू थांबनार नाय म्हनल्या."

"सांगायचं काय त्यात?" भागूबाई म्हणाली. "एक तर वाचतंय ना? दोन्हीच्या नादी लागून दोन्ही घालवायची का?"

"विहीनबाई बरुबर बोलल्या," चतुराबाई म्हणाली. लग्नात मानपानावरून ती भागूबाईशी सहा महिने बोलली नव्हती. "माझ्या पोरीला एकदाच काय ते होऊ द्या. दुर्बिनी नि लेझर, ती काय गिरनी हाय का?"

"मॅडम लेझरच करा म्हनत व्हत्या," सांडू म्हणाला.

"तुला तर आवाज येत नव्हता की रं," भागूबाई म्हणाली.



काकासाहेबांनी बन्सीकडं पाहिलं. "तू काय म्हनतो?"

बन्सीनं तळहात एकमेकांवर घासले. "मी काय म्हनू, आबा? डावं आमच्या वाट्याचं. आमच्या वाट्यासाठी सांडूचं धोक्यात घालायचं म्हंजे... आमच्या नशिबात नाय म्हनायचं नि सोडून द्यायचं."

सारजानं त्याच्याकडं पाहिलं. तो मोठ्या मनानं बोलत होता आणि त्याला ते ठाऊकही होतं. नाक जरा वर गेलं होतं. त्यानं तिला विचारलं नव्हतं. एक गोष्ट खरी होती: या घरात आजवर सारजाचं काही सोडून द्यायचं झालं तर ते बन्सीनं सोडलं होतं.

"तसं नाय," भागूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तिला बी विचारलं पायजे. तिची ओटी भरलीय मी. सारजे, पोरी, तुझं हाय ते. तू मंजूर म्हनलीस तर फुडं जायचं. आई म्हनून तुझा हक हाय."

आई. हा शब्द तिला या घरात पहिल्यांदा मिळाला, तो असा, नाळ बंद करायला.

काकासाहेबांनी वरचा पाय खाली सोडला.

"पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली मी जन्मलो," ते म्हणाले.

"आता ते कशाला?" भागूबाई म्हणाली.

"थांब. रझाकाराच्या धामधुमीत आमचे लोक रानात पळाले, तवा चुलत्याचं एकुलतं पोरगं तापानं गेलं. म्हनून मला चुलतीच्या ओटीत घातलं. एक अंगन, दोन चुली. मी चुलतीला आई म्हनायचो आन् आईला काकी. काकीच्या चुलीपशी गेलो का ती भाकरी वाढायची आन् आईकडं बघायची, वाढू का म्हनून. वाढून झाल्यावर बघायची. लई वरसं बघत व्हती."

"मंग? वाईट झालं का तुमचं?"

"वाईट कुठं म्हनलो? दोनदा जेवायला मिळालं." काकासाहेबांनी भागूबाईकडं पाहिलं. "पन मला दिलं तवा मी व्हतो. हे तुम्ही काय वाटून बसलात? नाळ कुनाची कापायची ते ठरवायला आता वाटेकरी शोधताय."

"मी वाईटासाठी केलं का?"

"नाय केलं. पन केलंस."

गॅसवर चहा उतू गेला आणि सारजानं तो बंद केला. परत दारात आली तेव्हा तिनं तोंडातलं वाक्य काढलं.

"मॅडम म्हनल्या, उजव्याचं काळीज थकलंय. मोठं म्हंजे मजबूत नाय. त्याची बी भीती वाटते म्हनल्या."

"कवा म्हनल्या?" बन्सीनं विचारलं.

"तुम्ही तिथंच व्हते."

"मी नाय ऐकलं."

"आत्याबाईनं बी नाय ऐकलं. भावजींनी बी नाय. मी ऐकलं. एकाची नाळ बंद करून दुसरं सुखरूप, असं त्या म्हनल्याच नायत. त्याच्यात बी मोठं जाऊ शकतं."

चतुराबाईनं पदर खांद्यावर ओढला. "तू असंच म्हननार की, बाई. तुझं वाचावं म्हनून माझ्या लेकीच्याला आजारी पाडते."

"विहीनबाई," भागूबाई म्हणाली; पण पुढं काही बोलली नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

सारजानं बन्सीकडं पाहिलं. बन्सी खाली बघत होता. म्हणजे त्यालाही.

आता इथं दुसरी कुणी असती तर रडली असती, किंवा आत जाऊन भांडी आपटली असती. सारजाला दोन्ही येत होतं. पण ती हिशेबी बाई होती, आणि तिला सरळ दिसलं: डावं तिचं आहे तोवर ती खरं बोलली तरी ते तिच्या वाट्याचं बोलणं ठरणार. आणि तिचं ऐकलं नाही तर उद्या डाव्याची नाळ बंद होणार, आणि कोण जाणे, उजव्याचंही भलं होणार नाही.

"माझं हाय म्हनून बोलते, असंच ना?" ती म्हणाली. "मंग माझं नाय. मोडली वाटनी. डावं-उजवं दोन्ही गोदाचं. आत्याबाई, तुम्ही भरली तशी मी ओटी परत करते. आता सांगा, मी खोटं कशाला बोलू?"

"अगं, असं कुठं मोडता येतं..."

"शेताची मोडत नाय. ही मोडते. सगळ्यांच्या म्होरं मोडली."

बन्सी उठून उभा राहिला आणि परत बसला.

आतून गोदाचा आवाज आला. इतका वेळ ती आहे हे सगळ्यांनी सोयीनं विसरून टाकलं होतं. "बाई, मॅडम आनखी काय म्हनल्या? मला टेबलावर नीट ऐकू आलं नाय, कानात गरगर व्हत व्हतं."

सारजा दारातून हलली, गोदाच्या उशाशी गेली आणि पहिल्यापासून सांगितलं. पाणी, पिशवी, मूत्राशय, नसा, काळीज. लेझर केलं तर दोन्ही राहू शकतात, एक राहू शकतं, एकही राहणार नाही असंही होऊ शकतं. काही सोडलं नाही, काही घातलं नाही. बाहेर पाचही जणं ऐकत होती.

"लेझर करायचं," गोदा म्हणाली.

"नीट इचार कर, बाळे," चतुराबाई बाहेरून म्हणाली.

"दोन्ही माझे हायेत ना? मंग दोघांचा इलाज करा."

*

बाहेर: बाकावर पाच माणसं, सारजा भिंतीला टेकून उभी. काकासाहेब पेपर वाचत होते, पान उलटत नव्हते.

आत: गोदाला भूल पोटापुरतीच दिली. ती जागी होती. हे सगळं तिनं नंतर सारजाला सांगितलं.

बाहेर: भागूबाई आणि चतुराबाई यांच्यामध्ये सारजाची पिशवी. दोघी विहिणी पुन्हा बोलेनाशा झाल्या होत्या.

आत: पडद्यावर लालसर उजेड, त्यात नसा, जणू पिंपळपानाची जाळी. मॅडम एकेक नस शोधत होत्या. उजेड चमकायचा आणि नस पांढरी पडायची. एकदा दुर्बिणीसमोरून एक हात गेला. पाच बोटं. गोदा म्हणाली, "कुनाचा?" मॅडम म्हणाल्या, "हलू नका."

बाहेर: सांडूला कंपनीतून फोन आला. तो म्हणाला, "मिसेसचं ऑपरेशन चालूय. नाय, डिलिव्हरी नाय. अहो, पोटातल्या लेकरांचं." मग पलीकडच्यानं काहीतरी विचारलं, तर म्हणाला, "व्हतं आता. इथं व्हतं, औरंगाबादेत."

आत: शेवटी जास्तीचं पाणी नळीतून काढलं. पोट हलकं झालं. गोदाला वाटलं, काहीतरी चोरीला गेलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी तपासलं आणि बराच वेळ तपासलं. मग खुर्ची ओढून गोदाजवळ बसल्या. त्या बसल्या तेव्हाच सारजाला कळलं.

मोठ्याचं हृदय थांबलं होतं. लहानाचं चालू होतं. लहानाच्या पोटात एक काळा ठिपका दिसत होता, तिळाएवढा. ते मूत्राशय. लघवी तयार होऊ लागली होती. नसा तोडलेल्या होत्या म्हणून मोठ्याच्या जाण्यानं लहानाला ओढून नेलं नाही. नसा जुळलेल्या असत्या तर हेही गेलं असतं. गेलेलं आतच राहील, बाळंतपणापर्यंत. त्यानं आईला सहसा अपाय होत नाही. पुढे दर आठवड्याला तपासणी. अजून धोका टळलेला नाही.

हे सगळं या वेळी सगळ्यांनी ऐकलं. एकानंही वेगळं सांगितलं नाही.

बन्सीनं सारजाला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं. तिथं खिडकी होती आणि खिडकीखाली रिक्षांचा गोंगाट.

"डावं ऱ्हायलं," तो म्हणाला.

"व्हय."

"म्हंजे आपलं..."

"अवो, गप बसा."

"गप काय? त्या दिवशी तू रागानं बोलली. रागातलं कोन धरतं? आई बी तेच म्हनते." त्याचे डोळे लाल झाले होते. सोडून द्यायचं म्हणणारा हाच माणूस; पण हे रडणं खोटं नव्हतं. "सोळा वरसं झाली, सारजे."

भागूबाई मागं येऊन उभी होतीच. "मी शब्दाची हाय," ती म्हणाली. "ज्याचा वाटा त्याला. देवानंच निवडलं, आता मानूस कोन मोडनार?"

चतुराबाईनं ते ऐकलं. ती बाकावरून उठली नाही, पण आवाज सगळ्या कॉरिडॉरला पुरला. "माझ्या लेकीच्या पोटात एक मेलंय आन् तुम्ही दुसऱ्याची वाटनी करता? परवा तर हेच मारा म्हनत व्हत्या."

"तुम्ही बी म्हनत व्हत्या."

"व्हय, म्हनले. म्हनले की." आणि चतुराबाई तोंडात पदर घालून रडू लागली. भागूबाई थोडा वेळ उभी राहिली, मग जाऊन तिच्या शेजारी बसली.

सिस्टर दारात आली. "पेशंटजवळ एकीनंच थांबायचं. कोण थांबतंय?"

आतून गोदा म्हणाली, "बाईंना पाठवा."

"बाई कोण? पेशंटच्या कोण तुम्ही?"

"जाऊ," सारजा म्हणाली, आणि आत गेली.

गोदा छताकडं बघत होती. सारजा स्टुलावर बसली. पोटावर पट्टी होती. तिनं हात मांडीवरच ठेवला.

"तुम्हाला बरं वाटलं का, बाई?" गोदानं विचारलं. "खरं सांगा."

सारजानं खरं सांगितलं. "मॅडम लहान ऱ्हायलं म्हनल्या तवा वाटलं. येक घासभर. मंग तुझं तोंड दिसलं."

"मला बी त्या पैल्या दिवशी वाटलं व्हतं. डावं वाळतंय म्हनल्या तवा. म्हनलं, बरं झालं मी उजवं उचललं."

"वाटनारच."

"तुम्हाला राग नाय?"

"कशाचा? मी तुझ्या जागी उजवंच उचललं असतं."

गोदाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. सारजानं पदरानं पुसलं, एक कान, मग दुसरा.

"मंग आता ऱ्हायलंय ते कुनाचं?"

"तुझं. मी मोडलं तवाच झालं."

"आन् मीच घ्या म्हनले तर?"

दाराबाहेर बन्सीची सावली काचेवर होती. ती हलत नव्हती. कोणतंही एक उत्तर दिलं तरी ते सोळा वर्षं पुरेल हे तिला कळत होतं.

"आता म्हनू नको," ती म्हणाली. "आता तू पडलेली हायेस, काय बी म्हनशील. कैरी खाताना बी म्हनली व्हतीस. ते जगू दे, बाहेर येऊ दे. तुझ्या अंगावर पिऊ दे. मंग त्याचं तोंड बघून म्हन. तवा म्हनलीस तर मी दोन्ही हात फुडं करीन, लाजनार नाय. आन् तवा नाय म्हनवलं तरी मी हायेच, लंगोट धुवायला."

गोदानं डोळे मिटले. तिला झोप लागली असं सारजाला वाटलं. बऱ्याच वेळानं मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "भूक लागलीय, बाई."

सारजा उठली आणि दार उघडून बन्सीला म्हणाली, "घरी जा. मऊ भात टाका, वरून तूप. आन् डबा तुम्हीच घेऊन या."

बन्सीनं तिच्याकडं पाहिलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"आधी भात," सारजा म्हणाली.